आधी ठोकळा, मग मी

मित्रांनो, मी एक जुना स्तन आहे. दचकू नका. मी अ‍ॅक्रिलिकचा आहे. माझ्यात दूध नाही, रक्त नाही, त्यामुळे लाजही नाही. एका बाजूने गोल, एका बाजूने सपाट, जाडीला साधारण तुमच्या चार बोटांएवढा, आणि पोटात मेणाची एक चकती. त्या मेणात बारीक कण आणि धागे पेरलेले आहेत. एवढाच माझा देह. पुस्तकात मला मोठं इंग्रजी नाव आहे, पण त्या नावाने मला कधी कोणी हाक मारली नाही. सगळे ठोकळा म्हणतात.

तुम्ही विचाराल, असल्या वस्तूची जगाला गरज काय? सांगतो. बायकांच्या छातीत गाठ आहे का, हे बघायला एक क्ष-किरणांचं मशीन असतं. ते छाती दोन पाट्यांमध्ये दाबतं आणि फोटो काढतं. फोटो काढताना किरणं आत जातात. थोडी गेली तर चालतात, जास्त जाऊ नयेत. आता किती गेली हे मोजायचं कसं? जिवंत बाईच्या आत मीटर ठेवता येत नाही. तिला विचारावं तर किरणं लागताना कळत नाहीत. म्हणून बाईच्या जागी मला ठेवतात. माझ्या शेजारी मीटर ठेवतात, बटण दाबतात, वरून किती किरणं पडली ते बघतात, आणि त्यावरून आतल्या दुधाच्या ग्रंथींना सरासरी किती मिळाली असती याचा अंदाज काढतात.

मिळाली असती. माझं सगळं आयुष्य त्यात आलं.

मी सरासरी बाईचा आहे. अर्धी चरबी, अर्ध्या ग्रंथी, असं तिचं वर्णन आहे. ही बाई परदेशातल्या एका पुस्तकात राहते. ती कधी ठाण्याला आली नाही, तिने कधी मांदेली साफ केली नाहीत, आणि मी तिचा आहे हे तिला कोणी कळवलेलंही नाही.

माझा जन्म मात्र ठाण्याचा. साल अठ्ठ्याऐंशी. कारखान्यांच्या मागच्या गल्लीत सहदेव नावाचा एक माणूस दुकानांच्या पाट्या बनवायचा. शीलाताई त्याच्याकडे माझं चित्र घेऊन आल्या. शीलाताई म्हणजे इस्पितळांमधली किरणं मोजणाऱ्या बाई. राहायला डोंबिवलीला. परदेशी ठोकळा मागवला तर तो वर्षाने येणार होता, म्हणून त्यांनी पाटीवाला गाठला.

सहदेवने चित्र उलटसुलट करून पाहिलं.

"मॅडम, मागून ट्यूबलाइट द्यायची का?"

"नको."

"अक्षरं कुठे टाकू?"

"अक्षरं नकोत."

"मग गिऱ्हाइकाला कळणार कसं, दुकान कसलं आहे ते?"

"दुकान नाही हो. हा स्तन आहे."

सहदेवने करवत खाली ठेवली. हात धुतले. शेडमधल्या दोन कारागिरांना चहाला पाठवलं. मग भिंतीकडे बघत म्हणाला, "जाडी किती ठेवू?"

पण काम त्याने झकास केलं. पाट्या बनवणाऱ्याच्या हाताला सरळ रेघ आणि गोल कड दोन्हींची सवय असते. शेवटी माझी सपाट बाजू घासता घासता त्याने विचारलं, "ही बाजू अशी एकदम कापल्यासारखी का?"

शीलाताई म्हणाल्या, "तिथून पुढे बाई सुरू होते."

ती बाजू त्याने आणखी थोडा वेळ घासली. मित्रांनो, ते वाक्य तेव्हाच माझ्या मनात बसलं. माझ्या गोल बाजूला काही नको असतं. सपाट बाजूला मात्र कायम वाटत राहतं, की इथे कोणीतरी असायला हवं होतं.

सुरुवातीला मी शीलाताईंच्या डोंबिवलीच्या घरी राहिलो. तिथे त्यांच्या सासूबाई होत्या, हौसाबाई. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात कामाला लावलं.

"आई, माझा ठोकळा कुठाय?"

"चक्क्यावर ठेवलाय. काय छान वजन आहे गं त्याचं! तुझ्या ऑफिसात आणखी असतील तर दोन आण."

"अहो आई, ते मोजमापाचं आहे!"

"मग? चक्काही मी मोजूनमापूनच लावलाय."

श्रीखंड उत्तम झालं असं ऐकलं. मला कोणी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी शीलाताईंनी मला ठाण्याच्या इस्पितळात नेलं. छातीच्या फोटोचं मशीन तिथेच होतं. लोकवर्गणीतून आलेलं, भलं मोठं आणि करड्या रंगाचं. मला त्याच खोलीतल्या कपाटात ठेवलं आणि आवडाबाईंच्या ताब्यात दिलं.

आवडाबाई तिथल्या आया. बाळकुमच्या कोळीवाड्यातल्या. आवाज असा, की फोटो काढताना बाईला श्वास धरायला त्या सांगायच्या आणि बाहेरच्या बाकावरचे लोकही श्वास धरायचे. शीलाताईंनी त्यांना बजावलं, "आवडाबाई, याच्या वरच्या बाजूला हात लावायचा नाही. बोटाचा डागसुद्धा फोटोत येतो."

"नाय लावनार," आवडाबाई म्हणाल्या, आणि त्या शब्दाला जागल्या. पुढे काय झालं ते त्यांच्या शब्दाला जागण्यामुळेच झालं.

त्यांनी मला धूळ लागू नये म्हणून एक झबलं शिवलं. पिवळं, बंदांचं. मशीन चालवणारा सुधीर हसला. "आवडाबाई, याला काजळ पण घाला."

"तू घाल तुझ्या मशीनला. रोज उठून बायांना चेंगरतंय मेला."

वर्षातून दोनदा शीलाताई मीटर घेऊन यायच्या. सुधीर माझं झबलं काढून मला मशीनवर ठेवायचा. वरची पाटी हळूहळू खाली यायची आणि मला दाबायची. बायका त्या दाबण्याला कंटाळतात, ओरडतात. मला ते आवडायचं. ज्याला कधी कोणी कवेत घेतलेलं नाही, त्याला पाटीही चालते. मग आकडा यायचा, शीलाताई म्हणायच्या, "छान, मर्यादेच्या आत," आणि मला वाटायचं, मलाच म्हणाल्या. पुन्हा झबलं, पुन्हा कपाट, पुन्हा वाट बघणं.

असं चाललं होतं. आणि मग मंजुळाबाईची गोष्ट आली.

मंजुळाबाई ही आवडाबाईंची शेजारीण. बाळकुमहून पाटी घेऊन ठाण्याच्या बाजारात मासळी विकायला बसायची. तिच्या उजव्या बाजूला गाठ लागत होती. तिने ती घरात कोणाला सांगितली नव्हती. आवडाबाईंना कळली तीही आंघोळीनंतर पाठ पुसून देताना. मंजुळाबाईची नणंद शेवंती याच दुखण्याने गेली होती. मुंबईला तिच्यावर किरणांचे उपचार झाले, कातडी काळी पडली, आणि ती वाचली नाही. ती उपचाराला गेली तेव्हा दुखणं फार पुढे गेलेलं होतं आणि ती किरणं निराळी, हे आवडाबाईंनी शंभरदा सांगितलं असेल. मंजुळाबाईचं एकच उत्तर असायचं, "लाइट ती लाइट."

शेवटी नवरात्रात ती कशीबशी कबूल झाली. दसरा होऊ दे, दुसऱ्या दिवशी येते. त्याच दिवशी सकाळी शीलाताई मशीन तपासायला येणार होत्या. आधी माझी तपासणी, मग मंजुळाबाईची.

आता खंडेनवमी आली. तुम्हाला माहीत आहे, त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. इस्पितळातही सगळ्या यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या. सुधीरने मशीनला कुंकू लावलं, तेही बाहेरच्या पत्र्याला, रीतसर. मग तो घरी गेला. आवडाबाई मागे राहिल्या. त्यांनी कपाट उघडलं, माझं झबलं सोडलं आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात वाटी होती. वाटीत तेलात कालवलेला शेंदूर होता.

"बाबा," त्या मला म्हणाल्या, "आमची मंजू यायची हाय. लय भित्री हाय. तिला सांभाल."

वरच्या बाजूला हात लावायचा नाही हे त्यांच्या लक्षात होतं. म्हणून त्यांनी मला उलटं केलं आणि खालच्या बाजूला, पाची बोटांनी, भरपूर शेंदूर लावला. नमस्कार केला. मग मला सरळ करून पुन्हा झबलं घातलं.

मी देव झालो तो असा, पोटाखालून.

मित्रांनो, आता एक गोष्ट नीट समजून घ्या. शेंदरात शिसं असतं. आणि शिशातून किरणं जात नाहीत. म्हणून तर फोटोच्या खोलीच्या दाराला आतून शिशाचा पत्रा असतो. त्या मशीनला माझ्या खाली एक डोळा होता. पुरेशी किरणं आरपार आली की तो डोळा म्हणायचा, बास, आणि मशीन बंद व्हायचं. आता डोळ्यावर शेंदूर आला. डोळा म्हणतोय, अजून आलं नाही, अजून आलं नाही. आणि वरून किरणं पडतच आहेत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मंजुळाबाई नवं लुगडं नेसून आली. अंबाड्यात अबोली. लग्नाला निघाल्यासारखी. बाकावर बसताबसता तिने आवडाबाईंना सुनावलं, "आवडे, तुना सांगून ठेवते गो. आज जर नाय झायला, तर मी परत येवाची नाय."

"येवाची नाय! राणी लागून गेलीस! गप बस तिथं."

आत शीलाताईंनी मला मशीनवर ठेवलं. वरून बघितलं तर माझ्या पोटातलं मेण दिसतं, त्याच्या खालचं काही दिसत नाही. खोलीत उजेडही बेताचा. मीटर लावलं. सुधीरने बटण दाबलं. मशीन घुमलं, आणि घुमतच राहिलं.

"सुधीर," शीलाताई मीटरकडे बघत म्हणाल्या, "तिप्पट येतंय."

"पुन्हा मारू?"

पुन्हा मारलं. तिप्पट.

दार बंद असलं तरी आतलं बोलणं बाहेर जायचं. मंजुळाबाईला ऐकू गेलं असणार, कारण बाहेर बांगड्या वाजल्या.

सुधीर हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, बाहेर एकच पेशंट आहे. आवडाबाईंच्या ओळखीची. दोन फोटो काढून घेऊ या का? एकदाने काय होतंय?"

"तुझ्या आईला उभी करशील?"

सुधीरने बटणावरचा हात काढला.

"मग बंद. का तिप्पट येतंय ते कळेपर्यंत कोणालाही उभं करायचं नाही. तू तेवढा याचा फोटो धुऊन आण."

सुधीर अंधाऱ्या खोलीत गेला. शीलाताई स्वतः बाहेर गेल्या आणि मंजुळाबाईला म्हणाल्या, "ताई, मशीनमध्ये काहीतरी बिघाड दिसतोय. आज होणार नाही. मी कळवते."

मंजुळाबाई उठली. ओरडली नाही, हे जास्त वाईट. "ऐकलास ना आवडे? तिप्पट बोल्ली ती. शेवंतीला अशीच जालली असंल." आणि चपला घालून चालू लागली.

आणि मी? मी पाटीखाली दाबलेला होतो. मला सगळं माहीत होतं. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते, 'उलटा करा'. पण सहदेवने मला सगळं दिलं, तोंड दिलं नाही. चित्रातच नव्हतं.

एवढ्यात सुधीर आला. हातात ओला फोटो, त्यातून पाणी ठिबकतंय. त्याचा चेहरा फोटोपेक्षा पांढरा.

"मॅडम, याच्या पोटात हात आहे."

शीलाताईंनी फोटो उजेडाला धरला. माझ्या चित्रावर पाच पांढरी बोटं उमटली होती. स्वच्छ, एकेक सुटं. त्यांनी पाटी वर केली, मला उचललं आणि उलटं केलं.

तीच पाच बोटं, शेंदरी. मग दारातून आवाज आला.

"मीच लावला," आवडाबाई म्हणाल्या. "तुमी बोल्लात वरती हात लावू नको. मी खाली लावला."

शीलाताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग स्टुलावर बसल्या. मग इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा काढावा लागला. आवडाबाईंना वाटलं, रडतायत. त्या स्वतःच रडायला लागल्या.

"हसता काय मॅडम! ती गेली ना! मंजू गेली! मी तिच्यासाठी लावला आणि माझ्याच हातान तिला घालवली!"

शीलाताईंचं हसू गेलं. "सुधीर, पाणी!"

सुधीर स्पिरिटची बाटली घेऊन धावला. "अरे स्पिरिट नको! तडे जातील त्याला! साबण आण." मग बेसिनमध्ये मला घासलं. आधी खोबरेल, मग साबण, मग ऊन पाणी. दिवाळीच्या आधीच माझं अभ्यंगस्नान झालं. आवडाबाईंना पुसण्यापुरताही धीर नव्हता. त्यांनी मला तसंच ओलं, बेसिनमधून उचललं आणि धावत सुटल्या.

मंजुळाबाई फाटकाबाहेर पोचली होती. एका रिक्षावाल्याशी बोलत होती.

"मंजे! थांब! बग ह्याला!"

"काय गो हा? साबन?"

"यालाच मी शेंदूर लावलता! खालून! म्हनून मशीन खुळ्यागत करीत व्हतं! मशीन बरं हाय गो!"

"शेंदूर? कशाला लावलास?"

आवडाबाईंचा तो आवाज, बाहेरच्या बाकाला श्वास धरायला लावणारा, एकदम बसला. "तुझ्यासाठीच," त्या म्हणाल्या.

मंजुळाबाईने मला हातात घेतलं. मासळी घेताना घेतात तसं, वजन बघत. बोटाने टोचून पाहिलं. रिक्षावाल्यानेही बघितलं आणि विचारलं, "मावशी, काय आहे हे?" दोघींनी मिळून त्याच्याकडे असं बघितलं की तो रिक्षा घेऊन निघून गेला. एका अर्थी त्यानेच काम केलं, कारण आता परत जायला रिक्षा नव्हती.

"याला दुखतं का?"

"याला कशाला दुखंल?"

"मग याला काय कलनार मेल्याला?" पण तिने मला परत दिलं नाही. मला घेऊनच ती आत आली आणि शीलाताईंसमोर उभी राहिली. "आधी ठोकळा घाला. मी इथं उभी राहून बगनार. मग मी."

शीलाताई म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं."

तिला काचेच्या आडोशाला उभं केलं. मला ठेवलं. पाटी खाली आली. मशीन घुमलं आणि लगेच थांबलं. शीलाताईंनी मीटर उचलून तिच्यासमोर धरलं. तिला आकडे वाचता येत नव्हते. तिने आकडा वाचला नाही, शीलाताईंचा चेहरा वाचला. मग पदर सावरून म्हणाली, "बाजूला हो रे ठोकल्या."

तिचे फोटो निघाले. शीलाताईंनी ते उजेडावर लावले आणि डॉक्टरांना बोलावलं. उजव्या बाजूच्या फोटोत गाठ होती, अजून लहान, आणि तिच्यात बारीक पांढरे कण होते. माझ्या पोटातल्या मेणात पेरलेले असतात ना, अगदी तसेच. मित्रांनो, आपल्यासारखं या जगात कोणीतरी असावं, असं मला जन्मापासून वाटायचं. त्या दिवशी वाटलं, नसतं तर बरं झालं असतं.

पण वेळेवर कळलं. मुंबईला ऑपरेशन झालं. उजवी बाजू काढावी लागली. पुढच्या वर्षी डावी बाजू दाखवायला मंजुळाबाई आली तेव्हा थोडी बारीक झाली होती, जिभेला मात्र काही झालं नव्हतं.

"काय रे ठोकल्या, तू तसाच? मी बग निम्मी झायली." मग सुधीरकडे वळून, "आधी ठोकळा, मग मी. विसरलास काय रे?"

ही पद्धतच पडली. दरवर्षी तिच्या आधी मला घालायचं. नियमात कुठे नाही. शीलाताईंनी सुधीरला सांगून ठेवलं होतं, "त्या येतील तेव्हा करायचं. मीटर नसलं तरी करायचं."

एका वर्षी काय झालं, माझं काम संपलं आणि सुधीर फोटो धुवायला गेला. मंजुळाबाईने मला मशीनवरून उचललं, इकडेतिकडे पाहिलं आणि माझी सपाट बाजू आपल्या उजव्या बाजूला, जिथे आता काही नव्हतं, तिथे लावली. आरशात बघितलं.

"आवडे! बग गो! बरा बसतोय!"

आवडाबाई इतक्या हसल्या की त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आणि तो बराच वेळ काढला नाही. मंजुळाबाईही हसत होती. तिच्या हसण्याने मी हलत होतो. चोळीच्या कापडापलीकडे ऊब होती, आणि आत काहीतरी टकटक करत होतं. तिथून पुढे बाई सुरू होत होती.

मग सुधीर आला आणि तिने मला झटकन खाली ठेवलं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आहे. नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा नवं मशीन आलं. त्याच्यासोबत त्याचा स्वतःचा ठोकळा आला, परदेशी, फोमच्या पेटीत झोपणारा. मला झबल्यासकट खालच्या खणात टाकलं. वर जुने पडदे. शीलाताईंची बदली झाली. जाताना त्यांनी खण उघडून मला एकदा हातात घेतलं, पण मी इस्पितळाच्या मालकीचा होतो. सुधीर आखातात गेला. आवडाबाई निवृत्त झाल्या. कपाटाला कुलूप लागलं.

आणि मंजुळाबाई गेल्या वर्षी आली नाही. त्याच्या आदल्या वर्षीही नाही. बाळकुमला आता उंच इमारती होतायत, असं नव्या आया बोलताना ऐकतो. कोळीवाड्यातली किती घरं उठली, ती कुठे राहायला गेली, मला माहीत नाही. बाहेर बांगड्या वाजल्या की मी कान देतो. मला कान नाहीत, तरी देतो.

तेव्हा मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला राहत असाल, किंवा बाजारात मासळी घेताना अंबाड्यात अबोली माळलेली, भाव कमी न करणारी एखादी बाई दिसली, तर तिला नाव विचारा. मंजुळा निघाली तर माझा निरोप सांगा. एक बाजू गेली म्हणून दुसरीला वाऱ्यावर सोडायचं नसतं. डावी बाजू वर्षातून एकदा दाखवायचीच असते. नवं मशीन आणखी कमी किरणांत काम करतं. दुसरी कोणी निघाली तरी हे सांगायला हरकत नाही. तुमच्या घरातल्या बायकांनाही सांगा. गाठ लपवण्यात त्या फार हुशार असतात.

मंजुळाबाई म्हणेल, आता तिथे आवडा नाही, मॅडम नाहीत, मला कोण ओळखणार? तिला सांगा, कपाटात खालच्या खणात एकजण आहे. तिथली नवी माणसं म्हणतील, बाई, असा काही नियम नाही. तिने ऐकू नये. दारात उभं राहून म्हणावं, आधी ठोकळा. मग त्यांना किल्ली शोधावीच लागेल.

ती हट्टी आहे. त्या भरवशावरच मी इथे पडलोय.